भावनांची अनोळख आणि देहाचा भार

वजन कमी करण्याच्या खटपटीत असलेल्या मनुष्याला आहाराचे नियम ठाऊकच नसतात, अशा समजुतीने आजवर जे उपदेश झाले त्यांचे कागद गोळा केले तर एखादे दप्तर सहज भरेल. परंतु वस्तुस्थिती अशी आहे की तळलेले कमी खावे, गोड बेताने घ्यावे, रात्रीचे जेवण लवकर आटोपावे आणि रोज चालावे, ही चार वाक्ये स्थूल मनुष्याला उपदेशकापेक्षाही अधिक तोंडपाठ असतात. दुपारपर्यंत तो ती निष्ठेने पाळतोही. घोटाळा होतो तो सायंकाळी साडेसहा-सातच्या सुमारास, कचेरीतून परतून पायांतल्या चपला काढतो न काढतो तोच हात फरसाणाच्या डब्याकडे जातो तेव्हा. किंवा रात्री घरातली मंडळी निजल्यावर, दिवा न लावता, फ्रिजच्या उजेडात उभ्याउभ्याच उरलेला भात आणि डब्यातले दोन लाडू संपतात तेव्हा. अशा वेळी त्याला कोणी विचारावे, भूक लागली होती का? नाही. मग काही झाले होते का? काही नाही, असंच. हे उत्तर टाळाटाळीचे आहे असे ऐकणाऱ्याला वाटते, आणि तेथेच आपली पहिली चूक होते. कारण पुष्कळ वेळा ते उत्तर अक्षरशः प्रामाणिक असते. आत काय झाले होते हे त्या मनुष्याला खरोखरच ठाऊक नसते.

स्वतःच्या भावना ओळखता न येण्याच्या आणि त्या शब्दांत मांडता न येण्याच्या या स्थितीकडे वैद्यकाचे लक्ष वेधले ते मूळचे ग्रीक आणि बॉस्टन येथे मनोविकारचिकित्सा करणारे पीटर सिफनिओस यांनी. मानसिक ताणाशी निगडित अशा शारीरिक व्याधींचे रुग्ण तपासताना त्यांना असे दिसू लागले की, हे रुग्ण आपल्या दुखण्याची कैफियत बारीकसारीक तपशिलासह सांगतात, कोणत्या दिवशी कोठे किती दुखले याचा हिशेब चोख देतात, परंतु त्या काळात मनाला काय वाटत होते असे विचारताच गोंधळतात, किंवा उत्तरादाखल पुन्हा एखादी घटनाच सांगू लागतात. या स्वभावविशेषाला त्यांनी अलेक्सिथायमिया असे नाव दिले आणि १९७३ साली त्यावरील आपला निबंध प्रसिद्ध केला. पुढे टोरांटो येथील ग्रेम टेलर, मायकेल बॅगबी आणि जेम्स पार्कर यांनी या विशेषाचे मापन करणारी प्रश्नावली तयार केली. तिची वीस विधानांची सुधारित आवृत्ती १९९४ पासून जगभर वापरात आहे. तीत तीन गोष्टी पाहिल्या जातात: भावना ओळखण्यात येणारी अडचण, ती दुसऱ्याला सांगण्यात येणारी अडचण, आणि चित्त सतत बाहेरच्या घडामोडींतच गुंतवून ठेवण्याची सवय. फिनलंडमधील सामान्य नागरिकांच्या एका पाहणीत शेकडा १३ माणसांत हा विशेष ठळकपणे आढळला. पुरुषांत हे प्रमाण १७ टक्के होते व स्त्रियांत १० टक्के. मनोविकारांच्या अधिकृत यादीत याची रोग म्हणून नोंद नाही. तो एक स्वभावधर्म आहे, कोणात कमी, कोणात अधिक.

अशी माणसे पाषाणहृदयी असतात, हा समज मात्र साफ खोटा. ती रडतात, संतापतात, रात्र रात्र तळमळतात. पण आपण का रडलो हे त्यांना उमगत नाही, आणि संताप आला होता की भीती वाटली होती याचा निवाडा त्यांना करता येत नाही. त्यांच्या तोंडी देहाची भाषा अधिक असते. नोकरीत बढती हुकली त्या आठवड्यात ती 'ॲसिडिटी फार झाली' असे सांगतील, मुलगी सासरी गेली त्या महिन्यात 'अंग जड वाटतं' म्हणतील. हे खोटे नव्हे. त्यांच्यापर्यंत खबर पोहोचली ती देहापुरतीच.

आता याचा स्थूलतेशी संबंध कसा लागतो ते पाहू. देहातून मनाकडे अहोरात्र संदेश येत असतात, आणि मेंदूतील इन्सुला नावाचा भाग त्यांची दखल घेत असतो. अडचण अशी की, निरनिराळ्या कारणांनी आलेले हे संदेश दिसायला एकमेकांसारखे असतात. भय वाटले की ॲड्रेनॅलिनच्या प्रभावाने छाती धडधडते, हात थरथरतात, पोटात खड्डा पडतो. आणि जेवणाची वेळ टळली की पोटात खड्डा पडतो, हात थरथरतात. एकाकीपणात एक पोकळी जाणवते, थकव्यात एक गळाठा येतो, अपमानाने घसा आवळतो. एखाद्या कचेरीच्या आवक-बारनिशीवर असा कारकून बसवावा की ज्याला लिफाफ्यावरील खात्याचे नाव वाचता येत नाही, आणि त्याने महसूल, न्याय, आरोग्य असा भेद न करता आलेला प्रत्येक कागद पुरवठा खात्याकडे धाडावा, तसे येथे घडते. चिंतेचा कागद आला, पाठवा भुकेकडे. शोकाचा आला, पाठवा भुकेकडे. आणि पुरवठा खाते आपले काम इमानाने करते.

त्यात भर अशी की, हा उपाय काही काळ लागू पडतो. गोड किंवा तुपकट पदार्थ पोटात गेला की मन थोडा वेळ निवते, ही गोष्ट अनुभवाची आहे आणि ती नाकारण्यात अर्थ नाही. लागू पडला नसता तर त्याची सवयही जडली नसती. दीर्घकाळ चालणाऱ्या ताणात कॉर्टिसॉल नावाचा अंतःस्राव वाढलेला राहतो आणि अशाच पदार्थांची ओढ वाढवतो. झोप अपुरी झाली तर भूक चेतवणारा घ्रेलिन वाढतो आणि तृप्तीची वर्दी देणारा लेप्टिन घटतो. ज्या इसमाला आपण चिंतेत आहोत याचाच पत्ता नाही, तो त्या चिंतेचा बंदोबस्त करणार कसा? तो फक्त खातो, आणि मूळ कागद निकालात न निघाल्याने दुसऱ्या दिवशी तोच तगादा पुन्हा सुरू होतो.

हा विचार अगदी नवा नाही. जर्मनीत जन्मलेल्या आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेल्या हिल्डे ब्रुख या विदुषीने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकापासून स्थूल बालकांचा आणि त्यांच्या कुटुंबांचा अभ्यास आरंभला होता. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की भूक ओळखणे ही उपजत येणारी विद्या नसून ती शिकावी लागते; मूल भुकेने रडले तरी घास, थंडीने रडले तरी घास, भ्याले तरी घास, असा ज्या घरचा शिरस्ता, त्या घरच्या मुलाला आपल्या देहातील निरनिराळ्या अस्वस्थतांची निरनिराळी ओळख होतच नाही. (सगळा दोष आईच्या पदरी टाकण्याची त्या काळच्या मनोविश्लेषकांची खोड येथेही दिसते, ती वगळून मूळ मुद्दा घ्यावा.) त्याच सुमारास आल्बर्ट स्टंकर्ड यांनी जठराची आकुंचने आणि रुग्णाने सांगितलेली भूक यांची रुजवात घालण्याचा प्रयत्न केला, तर स्टॅन्ली शॅक्टर यांनी खोलीतले घड्याळ मुद्दाम पुढेमागे करून असे दाखवले की, स्थूल माणसे पोटापेक्षा काट्याकडे पाहून अधिक खातात. पुढील संशोधनाने या निष्कर्षांना पुष्कळ मुरड घातली. घड्याळाकडे पाहून जेवणारे कृश लोकही विपुल निघाले. आणि आपण तरी काय करतो?

येथे थोडे थांबून एक इशारा देणे मला अगत्याचे वाटते, कारण अर्धवट वाचलेल्या मानसशास्त्राने स्थूल माणसांवर आधीच पुष्कळ अन्याय केला आहे. स्थूल मनुष्य दिसला की याला भावना कळत नाहीत, असे अनुमान काढणे हा निव्वळ उद्धटपणा होय. स्थूल व्यक्तींत, विशेषतः थोड्या वेळात बेभान होऊन अतोनात खाण्याचे झटके ज्यांना येतात त्यांच्यात, भावना ओळखण्याची अडचण अधिक आढळते, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. पण हा साहचर्याचा संबंध आहे, कार्यकारणाचा दाखला नव्हे. त्यातला काही भाग नैराश्य आणि चिंतारोग यांच्या वाटेने येतो, आणि उलट दिशेने पाहिले तर, शरीरावरून लहानपणापासून हिणवले गेलेले मूल स्वतःच्या देहाकडे आणि मनाकडे लक्ष देणेच सोडून देईल, हेही संभवनीय आहे. शिवाय आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा. स्टंकर्ड यांनीच १९८६ साली डेन्मार्कमधील दत्तक व्यक्तींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा त्यांची अंगकाठी वाढवणाऱ्या आईबापांशी नव्हे, तर जन्म देणाऱ्यांशी जुळली. आपल्या चरकसंहितेनेही अतिस्थौल्याच्या कारणांत अतिभोजन, अव्यायाम आणि दिवसाची झोप यांच्या पंगतीला बीजस्वभाव बसवला आहे. गंमत अशी की, त्याच यादीत नित्य हर्ष आणि अचिंतन यांचीही गणना आहे. म्हणजे चरकाच्या दृष्टीने निश्चिंत मनुष्य लठ्ठ होतो. आजच्या शहरातल्या चाकरमान्याला पाहून आचार्यांनी आपला मसुदा कदाचित दुरुस्त केला असता.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले आणि इंग्रज शास्त्रज्ञ जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापून जे दाखवले, तेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे: दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक २२.३, परंतु युडकिन यांच्या देहात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या देहात २१.२ टक्के. त्यामुळेच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ झाला की सावध व्हावे, २५ ला स्थूलता समजावी, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे जाऊ देऊ नये, असे आपल्याकडील वैद्यांनी ठरवले आहे. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २४ टक्के आणि पुरुषांपैकी सुमारे २३ टक्के लोक २५ किंवा त्यावर होते. इतक्या जनांच्या स्थूलतेचे कारण एकच असू शकत नाही. पुढे जे सांगायचे आहे ते, म्हणून, सर्वांसाठी नाही. ज्याला खालील वर्णनात आपली ओळख पटेल त्याच्यासाठी आहे.

स्वतःला काही प्रश्न विचारून पाहावेत. कोणी 'काय झालं?' म्हटल्यावर माझे उत्तर बहुतेक वेळा 'काही नाही' किंवा 'कंटाळा आलाय' एवढेच असते काय? मला वाईट वाटत होते हे मला दुसऱ्याच्या सांगण्यावरून, किंवा दोन दिवसांनी, कळते काय? भांडणानंतर, परीक्षेच्या निकालाआधी, रविवारच्या संध्याकाळी माझे खाणे वाढते, आणि तरीही त्या दोहोंचा संबंध मला आजवर कधी जाणवला नव्हता, असे आहे काय? पोट तुडुंब भरल्यावरच हात थांबतो, त्याआधी थांबण्याची काही खूणच उमटत नाही, असे होते काय? यांपैकी बहुतेकांना होकार आला, तर आहाराचा नवा तक्ता मिळवण्याआधी थोडा वेळ या दुसऱ्या विद्येकडे द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिला अभ्यास भूक ओळखण्याचा. खरी भूक सहसा पायरीपायरीने वाढते, तिला पदार्थाचा फारसा आग्रह नसतो आणि पोट भरले की ती शमते. भावनेपोटी आलेली इच्छा अकस्मात येते, तिला शेवच हवी असते किंवा आइस्क्रीमच हवे असते, आणि पोट भरल्यावरही तिचे समाधान होत नाही, उलट मागे एक खंत ठेवून ती जाते. तोंड चाळवायला काहीतरी हवे, असे वाटले की स्वतःला विचारावे: आत्ता ज्वारीची भाकरी आणि दुध्याची भाजी समोर आली तर खाईन का? होय असे उत्तर आले तर भूक आहे. ताट वाढून घ्यावे आणि बसून जेवावे. नाही असे आले तर हा कागद दुसऱ्या कोणत्या तरी खात्याचा आहे.

मात्र या ठिकाणी एक अपवाद जिवाचा आहे. जे मधुमेही इन्सुलिन घेतात, किंवा साखर खूप उतरवणाऱ्या काही गोळ्या घेतात, त्यांना अचानक घाम फुटून, हात थरथरून, अतोनात भूक लागली, तर तेथे आत्मपरीक्षण करीत बसू नये. ग्लुकोमीटर हाताशी असेल तर साखर पाहावी. ती ७० मिलिग्रॅमच्या खाली असेल, किंवा पाहण्याची सोय नसेल, तर तत्काळ तीन-चार चमचे साखर पाण्यातून घ्यावी, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी.

दुसरा अभ्यास रोजनाम्याचा. एक लहान वही करावी. फोनमध्ये लिहिले तरी हरकत नाही. तीत वजन लिहू नये, कॅलरी लिहू नयेत, कारण आकडे आले की शिक्षा येते आणि शिक्षा आली की वही बंद पडते. लिहायचे ते इतके: वेळ, त्याच्या आधीच्या तासात काय घडले, देहात कोठे काय जाणवते आहे, भूक किती, काय खाल्ले, आणि शेवटी भाव. नमुन्यादाखल एक कल्पित नोंद देतो. 'मंगळवार, सायंकाळी पावणेसात. आधी: साहेबांनी माझा तक्ता सगळ्यांच्या देखत परत केला, मग लोकलमध्ये उभ्याने आलो. देहात: जबडा आवळलेला, कान गरम, गळ्याशी काही अडकल्यासारखे. भूक: दहात तीन. खाल्ले: शेव, दोन मुठी, डब्यातून. भाव: ठाऊक नाही.' ही नोंद अपयशाची नव्हे, उत्तम आहे. 'ठाऊक नाही' असे लिहिण्याची पूर्ण मुभा असावी. रिकामी जागा सोडू नये एवढेच. असे पंधरा-वीस दिवस गेले की तोच मनुष्य शुक्रवारच्या नोंदीत लिहितो, 'जबडा पुन्हा तसाच. भाव: राग? राग नाही, अपमान.' राग आणि अपमान यांत भेद करता आला, हा त्या वहीतला पहिला मोठा नफा होय. कारण रागावर पाणी पिऊन शांत होणे पुरते, अपमानावर पुरत नाही, त्याला कोणाला तरी सांगावे लागते.

देहाची जागा आधी आणि भावाचे नाव मागून, हा क्रम मुद्दाम ठेवला आहे. ज्याला भाव दिसत नाही त्याला थेट 'तुला काय वाटते?' असे विचारणे म्हणजे अंधारात ढकलणे. परंतु 'खांदे वर चढलेत का? हात गार पडलेत का?' याचे उत्तर त्यालाही देता येते. या बाबतीत आपल्या नाट्यशास्त्राची मदत घेतली तर कोणी हसू नये. भरताने आठ सात्त्विक भाव सांगितले, ते सर्वच्या सर्व देहावर दिसणारे आहेत: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय, आणि मग तेहतीस व्यभिचारी भावांची जी मालिका दिली, तीत ग्लानी, शंका, असूया, श्रम, दैन्य, चिंता, व्रीडा, विषाद, औत्सुक्य, अमर्ष अशी एकमेकांलगतच्या पण निराळ्या अवस्थांची नावे आहेत. त्यात निद्रा, आलस्य आणि श्रमही आहेत, म्हणजे देह कोठे संपतो आणि मन कोठे सुरू होते याची सीमारेषा ओढण्याची घाई भरताने केली नाही. मनात असलेले लपवणे, ज्याला अवहित्थ म्हणतात, त्याचीही तेथे स्वतंत्र नोंद आहे! वहीच्या शेवटच्या पानावर अशी दहा-बारा नावे लिहून ठेवावी, हवी तर आपल्या रोजच्या बोलीतली: हिरमोड, चीड, धास्ती, हुरहुर, लाज, हेवा, उबग, पोरकेपणा, शीण, आणि नोंद करताना त्यांतून निवडावे. शोधून काढण्यापेक्षा निवडणे सोपे. लॉस एंजेलिस येथील मॅथ्यू लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूची चित्रे घेऊन असे दाखवले की, समोरच्या चेहऱ्यावरील भावनेला साजेसा शब्द निवडताच मेंदूतील अमिग्डला या भागाची खळबळ काहीशी ओसरते. तेव्हा नाव देणे हा केवळ कारकुनी सोपस्कार नाही.

नाव मिळाल्यावर पुढे काय? पुढचे काम बहुधा लहान असते. शीण आहे तर वीस मिनिटे पाठ टेकावी. घरातली बाई येताच स्वयंपाकाला जुंपली जाते आणि तेथेच उभ्याने खाते, तेव्हा ही वीस मिनिटे तिला मिळवून देणे हे घरातील इतरांचे काम आहे, तिच्या निग्रहाचे नव्हे. पोरकेपणा आहे तर बहिणीला फोन करावा. धास्ती आहे तर जे काम टाळतो आहोत त्याचा पहिला कागद उघडावा. चीड आहे तर ती ज्याच्यावर आहे त्याच्याशी बोलावे. ते शक्य नसेल तर लिहावे, चालावे. आणि हे सर्व करूनही शेव खाविशी वाटली तर वाटीत घेऊन, बसून, चव घेत खावी. भावनेपोटी कधीतरी खाणे हा गुन्हा नाही, आपले सगळे सणवार त्यावरच उभे आहेत.

हा अभ्यास उपाशी पोटी होत नाही, हे मात्र पक्के लक्षात ठेवावे. सकाळी केवळ चहा, दुपारी काकडी, आणि मग सात वाजता आपल्याला भावना कळत नाहीत म्हणून खंत करणे, हा भुकेवर केलेला खोटा आरोप आहे. त्या वेळी लागलेली भूक सोळा आणे खरी असते. कडक पथ्यानंतर येणारे खाण्याचे झटके आणि आपल्याकडील 'एकादशी अन् दुप्पट खाशी' यांत फारसे अंतर नाही. तीन वेळची जेवणे ठरल्या वेळी, पोटभर, डाळ, उसळ, ताक, अंडे असे काही त्यात असलेली. चार-पाचच्या सुमारास मूठभर फुटाणे किंवा एखादे फळ. आणि झोप पुरेशी. पोट शांत असले म्हणजेच बाकीचे आवाज ऐकू येतात.

घरात लहान मुले असतील तर ब्रुखबाईंचा मुद्दा त्यांच्यासाठी अमलात आणावा. पडलेल्या मुलाच्या हाती लगेच बिस्कीट देण्याऐवजी 'लागलं का रे? घाबरलास?' असे विचारून त्याला आधी जवळ घ्यावे. 'आईसाठी एक घास, आजीसाठी एक घास' हा आपल्या घरोघरचा लाडका प्रकार मला स्वतःला फार गोड वाटतो, परंतु मुलाने तोंड फिरवल्यावर तो चालू ठेवू नये. पोट भरले हे त्याला कळले आहे आणि ते त्याने सांगितले आहे, तेव्हा ते मान्य करावे. पानात टाकू नये हा संस्कार सांभाळायचा तर आधी थोडे वाढावे. मोठ्या माणसांच्या बाबतीत एवढेच की, त्यांच्या ताटाकडे पाहून टोमणे मारू नयेत. 'पुन्हा खातोयस?' या प्रश्नाने कोणाचे वजन उतरल्याचे ऐकिवात नाही. लपून खाण्याची सवय मात्र निश्चित लागते. त्याऐवजी 'आज दिवस कसा गेला?' असे विचारावे आणि 'काही नाही' असे उत्तर आले तरी शेजारी बसून राहावे.

काही गोष्टी वहीच्या आवाक्याबाहेरच्या असतात. थोड्या वेळात हाताबाहेर जाऊन भरमसाट खाणे आठवड्यातून एकदा तरी घडत असेल आणि असे तीन महिने चालले असेल, तर ती २०१३ पासून स्वतंत्र व्याधी म्हणून मान्य झालेली आहे आणि तिच्यावर उपचार आहेत. खाल्ल्यावर मुद्दाम ओकारी काढणे, रात्री झोपेतून उठून खाणे, सतत उदास वाटणे, जगणे नकोसे होणे, यांपैकी काही असेल तर विलंब लावू नये. वजन अलीकडे झपाट्याने वाढले असेल तर थायरॉइडची तपासणी करून घ्यावी, पाळी अनियमित असलेल्या मुलींनी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटावे, आणि घोरणे व दिवसा पेंग येणे असेल तर तेही वैद्याच्या कानावर घालावे. स्टेरॉइड, इन्सुलिन, व्हॅलप्रोएट, ओलान्झापिन, मिर्टाझापिन अशा काही औषधांनी वजन वाढते. ती आपल्या मनाने बंद करू नयेत, पण ज्याने लिहून दिली त्याला पर्याय जरूर विचारावा. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा विचार चालू असेल तर त्याआधी मानसोपचारतज्ज्ञाची भेट ठरवली जाते. तिला नुसता दाखला मिळवण्याचा सोपस्कार समजू नये, कारण जठर लहान झाले तरी संध्याकाळचे सात वाजायचे राहत नाहीत.

भेटीला जाताना रोजनाम्याची वही, चालू औषधांची यादी आणि मागील तपासण्यांचे कागद बरोबर न्यावेत, आणि तोंडाने सांगणे जमत नसेल तर वहीच वाचायला द्यावी. भावना शब्दांत मांडणे ज्याला जड जाते त्याच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. जवळपास मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर भारत सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे, आणि तेथे मराठीतून बोलता येते. पहिले वाक्य सुचत नसेल तर 'मला काय होतंय ते सांगता येत नाही' एवढे म्हणावे. पुढचे प्रश्न पलीकडचा मनुष्य विचारील.